विचारणाऱ्याचे नाव, सांगणाऱ्याचे नाव

नागपुरातून अमरावती रस्त्याला लागले की वाडी येते. ट्रान्सपोर्ट कंपन्यांची कार्यालये, गोदामे, ओळीने उभे असलेले ट्रक, टायरची दुकाने आणि त्यांच्यामागे दत्तवाडीसारख्या दाट वस्त्या. रस्त्यावरून दिवसभर अनोळखी माणसे जात असतात. वस्तीत मात्र सगळे एकमेकांना ओळखतात. औषधाच्या दुकानातला मुलगा शेजारच्या गल्लीतला असतो, दवाखान्यात केसपेपर काढणारी बाई कुणाची तरी मावशी निघते. अशा गावात गुप्तरोगाचे औषध, गर्भनिरोधक गोळी किंवा एचआयव्हीची तपासणी हवी असलेला माणूस काय करतो, हे काउंटरमागे उभे राहणाऱ्या कोणालाही विचारावे. तो आधी डोकेदुखीची गोळी मागतो, बाकीची गिऱ्हाइके जाण्याची वाट पाहतो आणि पुष्कळदा डोकेदुखीची गोळी घेऊनच घरी परततो.

मग रात्री हातात फोन येतो. तिथे नाव सांगावे लागत नाही. टोपणनावाने प्रश्न टाकता येतो, अनोळखी माणसे उत्तरे देतात आणि सकाळी कोणी तोंडाकडे रोखून पाहत नाही. ही सोय चांगली की घातक, हा वाद सध्या जगभर पेटला आहे. समाजमाध्यमांवर प्रत्येकाने ओळखपत्र दाखवून खऱ्या नावानेच वावरावे, अशी मागणी शिवीगाळ, अफवा किंवा फसवणुकीच्या प्रत्येक मोठ्या प्रकरणानंतर होते. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. वय तपासायचे म्हणजे, या ना त्या मार्गाने, मोठ्यांचेही वय तपासावे लागते. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या समाजमाध्यमांना स्वेच्छेने ओळख पडताळण्याची सोय देण्यास सांगितले. वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येणारी संमती घ्यावी लागणार आहे.

या वादात आरोग्याचा विचार फारसा होत नाही. झालाच तर मानसिक आरोग्यावर येऊन थांबतो: ट्रोलिंग, न्यूनगंड, झोपेचा नाश. ते खरेच आहे. पण लाजेमुळे उशीर होणे हेही आरोग्याचेच नुकसान आहे आणि ते घड्याळावर मोजता येते. एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता असलेला संबंध आला, तर प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. जितक्या लवकर तितके चांगले, आणि पुढे २८ दिवस ती न चुकता घ्यावी लागतात. त्या मुदतीनंतर सुरू केल्यास उपयोग होईल असे धरून चालता येत नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या तातडीच्या गर्भनिरोधक गोळीची मुदतही ७२ तासांचीच, आणि तिचाही प्रभाव तासागणिक उतरतो. शनिवारी रात्री घडलेल्या गोष्टीबद्दल सोमवारी संध्याकाळपर्यंत कुणाला विचारावे हे न सुचणाऱ्या तरुणाचे निम्म्याहून अधिक तास संपलेले असतात. त्याला रात्री दोन वाजता कोणी नाव न विचारता ‘उद्या सकाळीच सरकारी रुग्णालयात जा’ एवढे सांगितले, तरी काम होते.

खऱ्या नावाने भाषा सुधारते, हे गृहीतकही तपासून पाहिले गेले आहे. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर मत लिहिणाऱ्याची ओळख पडताळणे सक्तीचे केले. शिव्यांचे प्रमाण अपेक्षेइतके घटले नाही. उलट कोट्यवधी लोकांची ओळख एका ठिकाणी साठली. जुलै २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीच्या सेवांमधून सुमारे साडेतीन कोटी वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेली. वर्षभराने, २३ ऑगस्ट २०१२ रोजी, तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही सक्ती एकमताने रद्द केली. झुरिच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एका जर्मन याचिका-संकेतस्थळावरच्या पाच लाखांहून अधिक प्रतिक्रिया तपासल्या. तिथे खऱ्या नावाने लिहिणारेच अधिक आक्रमक आढळले. कारण उघड आहे. आपण न्यायाच्या बाजूने भांडतो आहोत असे ज्याला वाटते, तो नाव लपवत नाही. त्याला ते मिरवायचे असते. गावच्या सभेत खुर्च्या फेकणारेही तोंड झाकून येत नाहीत.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये या विषयावर एक निबंध लिहिला. पडद्याआड माणसाचे लगाम सैल होतात, हे त्यांचे निरीक्षण बहुतेकांना पटते. त्याच निबंधातला पुढचा भाग मात्र सहसा विसरला जातो: सैल झालेल्या लगामाचे दोन प्रकार असतात. एकातून विष बाहेर पडते, दुसऱ्यातून कबुली, भीती आणि मदतीची हाक. दोन्हींचे मूळ एकच आहे. विष थांबवायला आवळलेला लगाम मदतीच्या हाकेलाही आवळतो.

मराठी समाजाने हा पेच इंटरनेटच्या किती तरी आधी पाहिला आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कामापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढू लागले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते चालवले. वाचकांच्या लैंगिक आरोग्यावरच्या प्रश्नांना उत्तरे देणे हे या मासिकाचे एक मोठे काम होते. घरात, वैद्याकडे किंवा मित्राकडे जे विचारता येत नव्हते ते लोक तिथे विचारत. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. उच्च न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला.

आजच्या वादाच्या दृष्टीने त्या प्रकरणातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. खटला उत्तर देणाऱ्यावर झाला, विचारणाऱ्यांवर नाही. विचारणारे आपापल्या घरी सुरक्षित राहिले. उत्तर देणारा मात्र नाव-पत्त्यासह उभा होता. त्याच्याशी वाद घालता येत होता, त्याची चूक दाखवता येत होती, त्याला न्यायालयात खेचताही येत होते. शिक्षा अन्यायाची होती, पण मांडणी योग्य होती. आजच्या जाळ्यात ही मांडणी उलटी झाली आहे. विचारणाऱ्याचा फोन क्रमांक, ठिकाण आणि शोधांचा इतिहास कंपन्यांकडे जमा असतो. उत्तर देणाऱ्याबद्दल मात्र ‘डॉ.’ ही दोन अक्षरे आणि एक हसरा फोटो यापलीकडे काही कळत नाही.

याचा परिणाम वैद्यकात फार लवकर दिसतो. गर्भपाताच्या गोळ्यांचे उदाहरण घ्यावे. कायद्याने त्या नोंदणीकृत आणि पात्र डॉक्टरांच्याच सल्ल्याने द्यायच्या असतात. पण ‘इतक्या गोळ्या घे, काही होत नाही’ असा सल्ला निनावी मिळतो आणि गोळ्याही कुठून तरी मिळतात. दर शंभर गर्भधारणांपैकी एक-दोनमध्ये गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत, रुजलेला असतो. अशा गर्भावर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. रक्तस्राव सुरू झाला की मुलीला वाटते, काम झाले. नलिका मात्र वाढत्या गर्भाने ताणली जात राहते आणि फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन काही तासांत जीव जाऊ शकतो. डॉक्टर गोळी देण्याआधी तपासणी करतो, गरज भासल्यास सोनोग्राफी सांगतो, ती यासाठी. सल्ला देणारा ‘अनुभवी ताई’ या नावाने लिहीत असेल, तर अशा मृत्यूचा जाब कोणाला विचारणार? ताईचे खाते दुसऱ्या दिवशी बंद झालेले असते.

ग्राहक व्यवहार खात्याने ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्यविषयक प्रभावकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एखाद्या उत्पादनाची शिफारस करताना किंवा आरोग्याचे दावे करताना वैद्यकीय पात्रता असेल तर ती सांगायची, आणि नसलेल्याने आपले बोलणे वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही हे स्पष्ट करायचे, असा त्यांचा सूर आहे. दिशा बरोबर आहे. पण ही सूचना जाहिरातीच्या जगासाठी आहे. रात्री दोन वाजता फुकट सल्ला देणारा, काही न विकणारा आणि म्हणूनच अधिक विश्वासार्ह वाटणारा माणूस तिच्या कक्षेत नीटसा बसत नाही.

मग सगळ्यांनाच नाव लावायला सांगावे का? इथे मुंबई उच्च न्यायालयातले एक जुने प्रकरण वाट दाखवते. एका सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीत रोजंदारीवर काम करणाऱ्या मजुराची एचआयव्ही तपासणी सकारात्मक आली. प्रकृती कामाला योग्य असूनही त्याला काम नाकारण्यात आले. त्याला न्यायालयात जायचे होते, पण याचिकेवर नाव आले की नोकरी मिळाली तरी वस्तीत राहणे अवघड. न्यायालयाने त्याला नाव न लावता लढू दिले. १९९७ च्या त्या निकालात तो ‘एमएक्स’ आहे आणि कंपनी ‘झेडवाय’. केवळ एचआयव्ही आहे म्हणून, काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला नोकरी नाकारणे घटनेच्या समानतेच्या आणि जगण्याच्या हक्कात बसत नाही, असे न्यायालयाने ठरवले. पुढे वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, संसदेने एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात अर्जदाराची ओळख झाकून टोपणनावाने खटला चालवण्याची तरतूद आहे. एमएक्सने उघडलेले दार आता कायद्याचे झाले.

एमएक्स निनावी होता का? न्यायाधीशांना, वकिलांना, कंपनीला तो कोण हे माहीत होते. त्याची तपासणी झाली होती, त्याची नोंद होती. माहीत नव्हते ते फक्त ज्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते त्यांना. याला निनावीपणा नव्हे, गोपनीयता म्हणतात. रोजच्या बोलण्यात हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि तिथेच घोळ सुरू होतो. निनावीपणात नाव कोणाकडेच नसते. गोपनीयतेत ते एका जबाबदार माणसाकडे असते आणि तो ते पुढे देत नाही.

आरोग्ययंत्रणेला दोन्हींची किंमत अनुभवाने कळली आहे. एचआयव्हीचा प्रसार मोजण्यासाठी देशात अनेक वर्षे गर्भवतींच्या रक्ताचे नमुने नाव काढून टाकून तपासले गेले. त्यामुळे देशाला विश्वासार्ह आकडे मिळाले. पण ज्या स्त्रीचा नमुना सकारात्मक निघाला तिला त्या तपासणीतून ते कळवण्याची सोयच नव्हती, कारण तो कोणाचा हे कोणालाच ठाऊक नव्हते. तिला स्वतःसाठी वेगळी, नावासह तपासणी करून घ्यावी लागे. क्षयरोगाची कथा याच्या अगदी उलट आहे. २०१२ पासून प्रत्येक रुग्णाची नोंद शासनाला कळवणे बंधनकारक आहे. ही नोंद नावाशिवाय निरर्थक ठरेल: औषधे अनेक महिने चालतात, घरातल्या माणसांची तपासणी करायची असते, आणि पोषण आहारासाठी महिन्याला मिळणारे १००० रुपये बँक खात्यातच जमा होतात. कोविडच्या टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. त्यातही हेच स्पष्ट म्हटले आहे: सल्लामसलत निनावी असू नये, डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही एकमेकांची ओळख हवी आणि डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दाखवायला हवा.

म्हणजे रेघ विचारणे आणि उपचार यांच्या मध्ये कुठे तरी आहे. पहिल्या प्रश्नाला नाव नको. पहिल्या गोळीला हवे. वाडीसारख्या ट्रकच्या गावात हा फरक रोजचा आहे. ट्रकचालकांना एचआयव्ही कार्यक्रमात फार आधीपासून वेगळा गट मानले गेले, कारण घरापासून दूर, सतत रस्त्यावर असणारा माणूस कुठल्याही एका दवाखान्याचा रुग्ण नसतो. त्याच्याशी पहिले बोलणे धाब्यावर किंवा ट्रक भरताना होते, आणि बोलणाऱ्याने सुरुवातीलाच ओळखपत्र मागितले तर ते तिथेच संपते. तपासणी आणि समुपदेशन केंद्रात मात्र नोंद होते, कारण अहवाल योग्य माणसाच्या हाती पडला पाहिजे आणि गरज पडली तर त्याला उपचाराशी जोडले पाहिजे. स्थानिक माणसाला वस्तीजवळच्या केंद्राची भीती वाटते. तो शहर ओलांडून मेडिकलला जाणे पसंत करतो. त्याला नोंद नको असते असे नाही; नोंदवहीपलीकडे बसलेला ओळखीचा चेहरा नको असतो.

फोनवरचा निनावीपणा मात्र वाटतो तितका पक्का नाही. अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिले की पिन कोडसारखा भागाचा क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग या तीनच गोष्टी कळल्या तर तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांना वेगळे ओळखता येऊ शकते. वाडीत तर तारखेचीही गरज पडत नाही. ‘वय २६, आयुध निर्माणीत नोकरी, तीन महिन्यांपूर्वी लग्न, बायको अकोल्याची’ एवढे लिहिले की टोपणनाव काहीही असो, गल्लीतल्या चौघांना माणूस सापडतो. प्रश्न समजून घ्यायला उत्तर देणाऱ्याला तपशील हवा असतो आणि तपशीलच ओळख फोडतो. बायकोचे गाव आणि नोकरीचे ठिकाण डॉक्टरच्याही कामाचे नसते. वय, लक्षणे, किती दिवस झाले आणि कुठली औषधे चालू आहेत, एवढे पुरते.

सर्वांत अवघड प्रश्न सतरा वर्षांच्या मुलीचा आहे. पोक्सो कायद्याखाली १८ वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध हा गुन्हा आहे, संमती असली तरी. आणि तो कळला की डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते. त्यामुळे गर्भवती मुलगी दवाखान्याऐवजी फोनकडे वळते, कारण दवाखान्यात गेले की घरी, शाळेत आणि पोलीस ठाण्यात नाव जाणार अशी तिची खात्री असते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात याच कोंडीवर बोट ठेवले. अल्पवयीन मुलीने किंवा तिच्या पालकाने विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला पोलिसांकडे दिलेल्या माहितीत तिचे नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने सांगितले. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीची ओळख अनधिकृत व्यक्तीला देणाऱ्या डॉक्टरला २०२१ च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत तुरुंगवासही होऊ शकतो. म्हणजे ती ज्या भीतीने दवाखाना टाळते, त्या भीतीवर कायद्याने बऱ्यापैकी उत्तर दिले आहे. फक्त ते उत्तर तिच्यापर्यंत पोहोचलेले नाही, आणि पोहोचायचे तर ते कुठल्या तरी पडद्यावरूनच पोहोचेल.

इथे नवे विदा नियम आडवे येऊ शकतात. मुलांच्या माहितीबाबतच्या अटींतून दवाखाने आणि आरोग्य व्यावसायिकांना, मुलाच्या आरोग्यासाठी आवश्यक तेवढी, सूट देण्यात आली आहे. ज्या ठिकाणी सतरा वर्षांची मुलगी डॉक्टरकडे जाण्याआधी प्रश्न विचारते, ती ठिकाणे बहुधा या सूटीत बसणार नाहीत. तिथे खाते उघडायला आईवडिलांची पडताळलेली संमती लागेल. जो प्रश्न आईवडिलांपासून लपवण्यासाठी ती तिथे येते, तो विचारण्यासाठी त्यांचीच परवानगी. या तरतुदी नियम जाहीर झाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मध्यापर्यंत लागू व्हायच्या आहेत. आरोग्यविषयक प्रश्नोत्तरांसाठी सूट वाढवायला, आणि त्या बदल्यात तिथे उत्तर देणाऱ्यावर नोंदणी क्रमांक दाखवण्याची सक्ती करायला, तेवढा वेळ पुरेसा आहे. खात्याने विचारणाऱ्याचे वय तपासण्यावर जेवढा खल केला, त्याच्या निम्माही सांगणाऱ्याच्या पात्रतेवर केलेला दिसत नाही.

तोपर्यंत वाडीतल्या त्या तरुणासाठी दोन दूरध्वनी आहेत. एचआयव्हीविषयी शंकेसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७ आणि मानसिक त्रासासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेला टेलिमानसचा १४४१६. दोन्ही मोफत आहेत, विचारणाऱ्याची माहिती गोपनीय ठेवतात आणि पलीकडे बोलणारा प्रशिक्षित, कुठल्या तरी यंत्रणेला जबाबदार असलेला माणूस असतो. शनिवारच्या रात्री घडलेल्या गोष्टीसाठी १०९७ वर रविवारी सकाळीच फोन लागला, तर मुदतीतले साठ तास अजून हातात असतात.